काझा ते ग्रांफू सायकलने: कुंझुमला घाबरू नका, बातलच्या पुढे सांभाळा

हिमाचलच्या स्पितीतल्या काझात ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, ‘कुंझुमची खिंड चढलात की संपलं, पुढे ग्रांफूपर्यंत नुसता उतार.’ उंचीचे आकडे पाहिले तर ते खरंच आहे. पण खिंडीपलीकडचं बातल ते मनालीच्या रस्त्यावरचं ग्रांफू या जेमतेम पन्नास किलोमीटरमध्ये मी सायकल चालवली कमी आणि ढकलली जास्त.

शिमला-किन्नौरकडून काझापर्यंतच्या रस्त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. छान आहे, हळूहळू उंची वाढत जाते, अंगाला विरळ हवेची सवय होते. एकट्याने जाणार असाल तर याच बाजूने या. मनालीहून उलटं आलात तर सवय व्हायच्या आत बातलहून कुंझुमचा उभा, भुसभुशीत चढ समोर येतो.

खिंडीअलीकडच्या लोसर गावाहून कुंझुम (४५५१ मीटर) दमवतो, पण चढ सलग आणि बेताचा आहे. हलक्या गिअरवर बसून राहायचं, बस्स.

बातलचा पूल ओलांडला की रस्ता संपतो. नदीपात्रातले गोटे, मध्ये वाळू, आणि डोंगरावरून येणारे नाले थेट वाटेवरून वाहतात. हे हिमनद्यांचं पाणी. सकाळी घोट्याएवढं असतं, ऊन चढलं की वाढत जातं. छोटा दर्राच्या अलीकडचा एक नाला मला दुपारी लागला, पाणी गुडघ्याच्या वर आणि तळाचे धोंडे पायाखालून सरकत होते. पॅनिअर (कॅरिअरला लावायच्या पिशव्या) काढून आधी त्या पलीकडे नेल्या, मग सायकल खांद्यावर. तीन फेऱ्या झाल्या, पाय बधिर. पलीकडे उभ्या असलेल्या एका पिकअपवाल्याने छत्रूपर्यंतचे चार हजार मागितले. सरळ लूट आहे ही. मी चालत सुटलो.

म्हणून बातललाच मुक्काम करा आणि उजाडताच निघा. मोठे नाले दहाच्या आत मागे पडले पाहिजेत. अनवाणी पाण्यात उतरू नका, पट्ट्याचे सँडल हवेतच. अडीच इंचांहून बारीक टायर आणू नका. प्रत्येक नाल्यानंतर चेन पुसून तेल द्या आणि जादा ब्रेक पॅड जवळ ठेवा, गाळाने माझे एका दिवसात झिजले. वाटेत दुकान नाही, माझ्या फोनला रेंजही नव्हती. छत्रूला धाबे आहेत, तिथला राजमा-चावल पोटभर खा.

ग्रांफूला डांबर लागतं तेव्हा ओरडावंसं वाटतं, मी ओरडलोही. त्या भरात डावीकडे रोहतांगच्या चढाला लागू नका. उजवीकडे वळा, कोकसरपर्यंत खरा उतार आहे, रात्र तिथे काढा.