डिस्चार्ज कार्डावरची पहिली ओळ

महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एचआर बघते. नवी मुलं रुजू झाली की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, "काही झालंच तर कंपनीची अपघात पॉलिसी आहे, टेन्शन नाही." 2023 च्या पावसाळ्यापासून ते तोंडातून निघत नाही.

आमचे एक सुपरवायझर, वय 47, पगार 46,000. कामावर येताना घणसोली स्टेशनच्या जिन्यावर कोसळले. कपाळाला चार टाके, आणि उजवी बाजू गेली. महिन्याभराने वहिनी कागद घेऊन आल्या, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, तारखेनुसार लावलेले. मी क्लेम पाठवला. आठवड्यात नकार आला. डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत 'इस्केमिक स्ट्रोक', म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडून आलेला पक्षाघाताचा झटका. टाके खाली कुठेतरी.

"मॅडम, पडलेच ना ते? मग अपघातच की."

पडल्यामुळे इजा झाली तर अपघात. झटका आला म्हणून पडले, तर आजार. हे मी बोलले खरी, पण त्यांच्याकडे न बघता.

त्या रात्री ऐरोलीला घरी ती पॉलिसी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. (हो, पहिल्यांदाच. ब्रोकरने दिलेला एक पानी तक्ता पुढे ढकलायची आमची सवय.) विमा रक्कम 15 लाख. दोन्ही डोळे गेले तर पूर्ण, एक गेला तर निम्मी. अपघाताने घरी बसावं लागलं तर आठवड्याला रकमेच्या 1 टक्का, पण 5,000 च्या वर नाही. म्हणजे क्लेम पास झाला असता तरी महिन्याला एकवीस-बावीस हजार. त्यांच्या घराचा हप्ताच 18,000. माझं कव्हर तेच, आणि माझा हप्ता त्याहून मोठा.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आली. त्यांच्याच लाइनवरचा 19,000 पगाराचा जुना हेल्पर ईएसआयमध्ये, म्हणजे कमी पगाराच्या कामगारांसाठीच्या सरकारी विमा योजनेत आहे. हाच झटका त्याला आला असता तर 91 दिवस पगाराच्या 70 टक्के मिळाले असते. अर्धांगवायू दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे सलग दोन वर्षं नोकरी झालेल्याला पुढे दोन वर्षांपर्यंत 80 टक्के. आजारी पडायलाही पगार 21,000 च्या आतच हवा! प्रमोशन होऊन ईएसआयची कपात थांबली, तेव्हा आमच्या या सुपरवायझरांनी पेढे वाटले होते. मीही दोन खाल्ले.

वैयक्तिक क्रिटिकल इलनेस, म्हणजे गंभीर आजारांच्या पॉलिसीत पक्षाघात येतो, तीन महिन्यांहून जास्त टिकलेला असेल तर. ती त्यांनी घेतली नव्हती. कंपनीची आहे ना, मीच तर सांगितलं होतं.

शेवटी पीएफमधून आजारपणाचा अ‍ॅडव्हान्स काढायचं ठरलं. फॉर्म पुढे सरकवला तशा वहिनी थबकल्या. "सही कशी करतील?"

"अंगठा चालेल," मी म्हटलं. "डावाच लागतो."

टेबलावरचा शाईचा पॅड त्यांच्या पिशवीत टाकला.