‘हे तर तुमचं काम नव्हतं’

फौजदारकीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. उमेदवार आधीपासून खात्यात शिपाई असेल, तर येतोच येतो: ‘नेमून दिलेल्या कामाच्या पलीकडे जाऊन काही केलंय का? एखादा प्रसंग सांगा.’ लोकसेवा आयोगाची पीएसआय म्हणजे फौजदार पदाची मुलाखत ४० गुणांची. एकेका गुणाने यादीतलं नाव वरखाली होतं, म्हणून पोरं या प्रश्नाचं उत्तर पाठ करून येतात.

माझी उभी नोकरी पोलीस ठाण्यांत गेली. निवृत्तीनंतर पुण्यात नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी अभिरूप मुलाखती घ्यायला बसतो. पोरं त्याला मॉक म्हणतात. पॅनेलवर माझ्यासोबत राज्यशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई आणि एक माजी तहसीलदार असतात. गेल्या हंगामातल्या एका दिवसाबद्दल लिहितोय. त्या दिवशी एका मुलीने या प्रश्नाचं जे उत्तर दिलं, तसं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सकाळच्या उमेदवारांत एक शिपाई होता. म्हणाला, ‘‘सर, गुन्हा आमच्या हद्दीतला नव्हता, तरी मी त्या ताईंची तक्रार घ्यायला लावली.’’ ऐकायला छान वाटतं. पण दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवायची, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलंय. अशी हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची नोंद, म्हणजे झिरो एफआयआर, त्याआधीही होतीच. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलं होतं. त्या पोराने केलं ते चोख कर्तव्य. ते कर्तव्यापलीकडचं म्हणून सांगितलं, की पॅनेलवरचा पोलीस अधिकारी विचारणार, ‘म्हणजे तुमच्या ठाण्यात एरवी तक्रारदाराला परत पाठवतात?’ मग पोरगा आपल्याच ठाण्याची अब्रू सावरत बसतो.

त्याच्या मागून आलेल्याची गोष्ट जास्त काळजीची होती. कॉलेजच्या रस्त्यावर मुलींना त्रास देणाऱ्या एकाला त्याने सुट्टीच्या दिवशी धरलं आणि कानाखाली वाजवल्या. ‘‘परत दिसला नाही सर तो.’’ मी विचारलं, ‘‘कोणत्या अधिकारात मारलंत?’’ पोरगा गप्प. इच्छापूर्वक दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ चा गुन्हा आहे आणि अंगावर वर्दी असली तरी तो गुन्हाच राहतो. कर्तव्याच्या पलीकडे जा म्हटलं, तर हा कायद्याच्या पलीकडे जाऊन आला होता. त्याला मी जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. हा फरक ज्याला मुलाखतीत कळत नाही, त्याला रात्री दोन वाजता लॉकअपसमोर उभं असताना कसा कळणार?

आणि तुकाराम ओंबळे. त्यांचं नाव रोज कुणी ना कुणी घेतंच आणि घेतलंच पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवरची नाकाबंदी ही त्यांची ड्युटी होती. हातात बंदूक नसताना कसाबच्या एके-४७ ची नळी धरायची आणि गोळ्या लागत असतानाही सोडायची नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आजही त्यांचं नाव कानावर पडलं की मी सावरून बसतो. पण मुलाखतीत प्रश्न उमेदवाराला विचारलेला असतो. ओंबळेंच्या मागे उभं राहून स्वतःबद्दल काही न सांगणं, हे उत्तर होत नाही.

दुपारी ती मुलगी आत आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात महिला पोलीस शिपाई, सीसीटीएनएसच्या टेबलावर. म्हणजे गुन्हे, मिसिंग म्हणजे हरवलेली माणसं, अनोळखी मयत, सगळ्यांची नोंद ज्या संगणक प्रणालीत जाते, ती भरायचं काम. प्रश्नावर तिने पुराच्या बंदोबस्ताची गोष्ट सुरू केली: बोट, म्हाताऱ्या आजी, खांद्यावरचं बाळ. सगळं खरं असणार, पण आवाजावरून पाठांतर कळत होतं. मी मध्येच थांबवलं.

‘‘बंदोबस्ताचा हुकूम होता ना?’’

‘‘हो सर.’’

‘‘मग हुकूम नसताना काय केलंत ते सांगा.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘‘तसं काही नाही सर.’’

तहसीलदार साहेबांनी प्रश्न फिरवला. ‘‘काम तुमचं नाही, पण डोक्यातून गेलं नाही, असं ठाण्यात कधी झालं?’’

‘‘एक अनोळखी मयत होता सर,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्यात शौर्याचं काही नाही.’’

ऊसतोडीचा हंगाम चालू होता. एसटी स्टँडवरच्या बाकावर सकाळी एक म्हातारे गृहस्थ मयत मिळून आले. अंगावर जखम नाही, खिशात तिकीट नाही, मोबाइल नाही. अकस्मात मृत्यू दाखल झाला, हवालदारांनी इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा केला, शवविच्छेदन झालं, फोटो सगळीकडे गेला. हिने नोंद प्रणालीत भरली आणि मिसिंगच्या नोंदींशी ताडून पाहिली. वर्णनाचा कुणीच नाही. तिचं काम तिथे संपलं होतं. वारस मिळाले नाहीत, की ठरावीक मुदत वाट पाहून नगरपालिकेमार्फत अंत्यविधी होतो. तशी पत्रंही तयार व्हायला लागली होती.

‘‘पंचनामा टाइप करताना एक ओळ होती सर. ‘एक नजरेचा चष्मा, काळ्या डबीसह.’ ती डबी बघावीशी वाटली.’’

तिने हवालदारांना विचारलं. त्यांनी मुद्देमालातून डबी काढून दाखवली. रेक्झिनची जुनी डबी, बिजागरीला काळा दोरा बांधलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला सोनेरी अक्षरं होती, घासून घासून गेलेली. दुकानाच्या नावातलं ‘ऑप्टि’ एवढं उरलं होतं आणि खाली फोन नंबराच्या सुरुवातीचे आकडे: ०२४४२. बीडचा एसटीडी कोड.

बीड म्हटल्यावर ऊसतोड डोळ्यांपुढे आली. पण बीड जिल्ह्यातून दर हंगामात केवढी माणसं कारखान्यांच्या पट्ट्यात येतात! नुसत्या कोडवरून माणूस सापडत नाही. तिने हवालदारांना गावातल्या चष्मेवाल्याकडे जायला सुचवलं. तेही तयार झाले आणि दोघं चष्मा घेऊन गेले. दुकानदाराने लेन्स मशीनवर लावून दोन्ही डोळ्यांचे नंबर काढून दिले. एका डोळ्याचा नंबर जवळजवळ नाहीच, दुसऱ्याचा मोठा. तो म्हणाला, ‘‘एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं दिसतंय, दुसऱ्याचं राहिलंय.’’

मग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती फोन घेऊन बसली. बीडमधल्या चष्म्याच्या दुकानांचे नंबर शोधायचे, काळी डबी आणि सोनेरी अक्षरं विचारायची. काहींनी फोन ठेवून दिला, काहींनी पोलीस म्हटल्यावर घाबरून ‘आमचं नाही’ म्हणून टाकलं. एका दुकानदाराने मात्र ऐकून घेतलं. तशा डब्या त्याच्या वडिलांनी छापून घेतल्या होत्या. त्याने वही काढली आणि त्या नंबरांशी जुळणारी मोजकी नावं काढून दिली. त्यात वयाने जुळणारं एकच होतं.

इथे मी तिला अडवलं. ‘‘मग तुम्ही त्या घरी फोन केलात?’’

‘‘नाही सर. नाव हवालदारांना दिलं. त्यांनी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि बीड कंट्रोलला कळवलं. तिथल्या ठाण्याने गावच्या पोलीस पाटलांना फोटो दाखवला. त्यांनी ओळखलं. चुकीच्या घरी मी परस्पर असा निरोप दिला असता, तर त्या घराचं काय झालं असतं?’’

तिचं हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतलंय.

मिसिंग का नव्हती, तेही कळलं. दोन मुलगे दोन वेगळ्या कारखान्यांच्या टोळ्यांत होते. बाबा थोरल्याकडे जातो म्हणून गावातून निघाले. थोरल्याला ते येणार असल्याचं माहीत नव्हतं आणि गावाला वाटलं, ते पोचले. तक्रारच नसेल तर संगणक जुळवणार कशाशी?

प्राध्यापक बाईंनी खोचक प्रश्न टाकला, तो त्या मुद्दाम टाकतात. ‘‘म्हणजे तुमच्या हवालदारांनी कामात कसूर केली आणि तुम्ही ती भरून काढलीत, असंच ना?’’

‘‘नाही मॅडम. त्यांच्याकडे इतर तपास होते, त्यात निवडणुकीचा बंदोबस्त लागला होता. आणि डबीची ओळ पंचनाम्यात त्यांनीच लिहिली होती. नुसतं ‘एक चष्मा’ लिहिलं असतं, तर मला डबी आहे हेच कळलं नसतं.’’

मी माझा राखीव प्रश्न काढला. ‘‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम २८. पोलीस अधिकारी कायम कर्तव्यावर आहे असं मानलं जातं. मग तुमची कसली सुट्टी आणि कसलं कर्तव्यापलीकडे?’’

भलेभले इथे अडखळतात. ती म्हणाली, ‘‘कर्तव्यावर आम्ही कायम असतोच सर. पण ठाण्यात काम वाटून दिलेलं असतं. माझ्या वाटणीचं त्या दिवशी संपलं होतं. ते बाबा मात्र शवागारातच होते.’’

मला अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्यातले सहाय्यक फौजदार राजेंद्र भोसले आठवले. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्या ठाण्यात १६६ मुली हरवल्याच्या नोंदी झाल्या. १६५ सापडल्या. राहिलेली एक जानेवारी २०१३ मध्ये हरवली होती. भोसले निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ बाळगून शोधत राहिले. ती ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली. आमच्या खात्यात अशी माणसं आहेत, हे बाहेर फार कमी सांगितलं जातं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. या मुलीला तर स्वतःलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. सेवापटात बक्षिसाची नोंद नाही, मग मुलाखतीत कशाला, असा तिचा हिशेब.

मॉक संपल्यावर तिला थांबवून घेतलं. म्हटलं, ‘‘बाळ, पुराचं राहू दे, हेच सांग. पण दीड मिनिटात. तुझं काम कुठे संपलं, ते पहिल्या वाक्यात. मग डबी, मग कुणाची परवानगी घेतलीस, मग पोलीस पाटील. शोध, रडारड यांचं वर्णन नको, पॅनेल विचारेल तेव्हा सांगशील.’’ तिने तिथेच कागदावर उतरवून काढलं. हस्ताक्षर ठाण्यातलं, सरळ आणि घट्ट.

लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट बाहेर आली. मृतदेह बीडला न्यायला ॲम्ब्युलन्सचं भाडं मुलांकडे नव्हतं, तेव्हा ठाण्यात वर्गणी काढली होती. तिनेच पुढाकार घेतलेला. प्राध्यापक बाई म्हणाल्या, ‘‘हे शेवटी घाल. याचे गुण मिळतील.’’ मीही कागदावर खाली ती ओळ लिहून दिली.

तिने वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘‘हे नको सर. पैसे सगळ्यांनी दिले होते, होमगार्डने पण. माझ्या उत्तरात ते माझे होतील.’’

बाईंनी पुन्हा सांगून पाहिलं. ती ऐकेना. मी त्या ओळीवर काट मारून कागद तिला परत दिला आणि पुढच्या उमेदवाराला आत पाठवायला सांगितलं.