फेस कोराच ठेवला

गुरुवार, रात्र

पोस्टरचा आराखडा आज एकदाचा जमला. मॅच बघायला रामबागेत जमणारी आमची मंडळी किती दिवस मागे लागली होती: इंग्लंडमधले फुटबॉलचे चाहते आणि त्यांच्या गावच्या ब्रुअरी म्हणजे बिअरचे कारखाने, दोन्ही एकाच पोस्टरवर हवेत, आणि अक्षरं मराठीत. फेसाळता मग आणि शेजारी बॉल, हे मला मुळातच नको होतं. त्यात गाव कुठेच दिसत नाही.

आणि इथे तर गावंच महत्त्वाची. न्यूटन हीथ हा क्लब कर्जात बुडाला, तेव्हा 1902 मध्ये जॉन हेन्री डेव्हिस या ब्रुअरीवाल्याने पैसे घातले आणि त्याचा मँचेस्टर युनायटेड झाला. लिव्हरपूल तर भांडणातूनच जन्मलं. तिथल्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर आधी एव्हर्टन हा क्लब खेळायचा. ब्रुअरीचे मालक जॉन होल्डिंग यांच्याशी भाड्यावरून बिनसलं, 1892 मध्ये एव्हर्टनने गुडिसन पार्क गाठलं आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगने नवा क्लबच उभा केला. आमच्यात दोन्हीकडचे आहेत, म्हणून लिव्हरपूलचा लाल आणि एव्हर्टनचा निळा पट्टा अगदी सारख्या रुंदीचा घेतलाय. बर्टन गावच्या बर्टन अल्बियन क्लबला तर लोक ‘ब्रुअर्स’ म्हणूनच ओळखतात. तिथल्या जिप्समच्या पाण्याने पेल एल ही फिकट रंगाची बिअर नावारूपाला आली. ती पिंपांतून जहाजाने हिंदुस्थानातही यायची. त्याच गावच्या बास ब्रुअरीचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला पहिला नोंदलेला ट्रेडमार्क, 1876 चा. आजही तो लांबून ओळखू येतो. एवढं साधं चिन्ह काढायला हात फार तयार लागतो.

सगळ्यात जास्त वेळ स्कार्फने खाल्ला. पोस्टरभर एकच विणलेला स्कार्फ आहे, चाहत्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलेला, आणि गावांची नावं त्यावर. विणीत अक्षर चौकोनी घरांनीच बनतं. शिरोरेखेला ते मानवलं, एक सरळ ओळ विणली की झालं. पण ‘लिव्हरपूल’मधली वेलांटी नि उकार दोन्हींना जागा हवी, आणि वळणाला लगेच पायऱ्या पडतात. शेवटी वर तीन ओळी वाढवल्या, अक्षरं थोडी आखूड केली. आता ती खरंच सुईवरून उतरल्यासारखी दिसतात. फार आनंद झाला.

स्कार्फखाली बिअरचा पिवळा-तांबूस रंग भरलाय. फेसाला शाई नाहीच, कागदाचा पांढरा तसाच सोडलाय. आई डोकावून म्हणाली, “अरे, वरचं रंगवायचं राहिलं का?” तो फेस आहे म्हटल्यावर जवळ येऊन बघत राहिली.

छपाईवाल्या काकांचं म्हणणं, बिनचकाकीचा कागद शाई पितो, हा रंग मळकट होईल, मॅजेंटा शाईचं प्रमाण उतरव. त्यांचं पटलं. उद्या दोन प्रूफ काढायला सांगितलीत, एक माझ्या शाईच्या आकड्यांचं, एक त्यांच्या. दुपारी प्रेसच्या दारात उन्हात धरून बघू आणि मगच छपाईला सोडू.