ओढ्याकाठचा हरभरा आणि मोबाइलचा कॅमेरा

थंडीच्या लाटेत परभणीचा पारा पाच अंशांच्याही खाली जातो. हा आकडा जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवरच्या तापमापकाचा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पिकाच्या शेंड्याशी गारठा त्याहून जास्त असतो. थंड हवा जड, ती उताराने ओढ्याकडे जाऊन साचते. त्यामुळेच आमच्या वावरात वरचा हरभरा हिरवागार राहिला आणि ओढ्याकाठच्या पट्ट्यात पानांवर दव गोठलं. तेही ऐन घाटे भरायच्या वेळेला.

नुकसान किती, हे नुसत्या नजरेवर सोडायचं नव्हतं. बांबूच्या कामट्यांची मीटरभर चौकट बांधली, दोन्ही पट्ट्यांत खुंट्या ठोकून जागा पक्क्या केल्या आणि काठीला मोबाइल बांधून सरळ वरून फोटो घेतले. चौकटीत पांढरा कागद ठेवायचा, म्हणजे रंग खरा आलाय का ते कळतं. रंग खुलवणारे सगळे फिल्टर बंद. उन्हाच्या सावल्या फोटो बिघडवतात, म्हणून चौकटीवर छत्री हवी. ती दादांनी धरली.

पहिल्या सकाळचे फोटो मात्र फसवतात. गोठलेलं पान आधी उकडल्यासारखं ओलसर दिसतं, रंग हिरवाच. करपलेलं उघड दिसायला काही दिवस जातात. म्हणून त्याच खुंट्यांवर, त्याच वेळेला, त्याच उंचीवरून पुन्हा फोटो काढावेच लागतात. ते कॅनोपिओ अ‍ॅपमध्ये टाकले. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेलं हे अ‍ॅप फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांचं प्रमाण तपासून हिरवं आच्छादन टक्क्यांत सांगतं. वरच्या पट्ट्याचा आकडा जवळपास तोच राहिला, खालचा चांगलाच घसरला.

पण बाजारात पैसे पानांचे मिळत नाहीत. घाटा बाहेरून हिरवा असला तरी आतला कोवळा दाणा मेलेला असू शकतो, आणि वरून काढलेल्या फोटोत तो येत नाही. म्हणून चौकटीशेजारची झाडं उपटली, घाटे फोडून कागदावर मांडले, भरलेले एकीकडे, पोचट दुसरीकडे, आणि त्याचाही फोटो घेतला. अ‍ॅपने दाखवलं त्याहून जास्त नुकसान इथे निघालं. ही मेहनत कुणी टाळू नये, असं मला फार वाटतं.

कृषी सहायकांना तारखेनिशी फोटो शेजारी-शेजारी दाखवले, तेव्हा ते थेट खालच्या पट्ट्यात आले आणि स्वतः घाटे फोडून बघू लागले. आता तो पट्टा वेगळा काढणार, वेगळा मोजणार. पुढच्या रब्बीत थंडीचा इशारा आला की संध्याकाळचं हलकं पाणी आधी तिथेच.