नवरंग आला तो दिवस

मी सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरकडच्या पट्ट्यात वनरक्षक आहे. मे महिना म्हणजे आमच्यासाठी आगीचा महिना. खाली केळीच्या बागांत पारा 44-45 ला टेकलेला असतो, अन वर डोंगरात सागाची पानं अशी वाळलेली की पाय टाकला की पापडासारखी मोडतात. कुठं धूर दिसतो का हेच डोळे दिवसभर बघत राहतात.

मागच्या वर्षी मे च्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला फोन आला. "भो, लवकर या ना, रंगीत पोपटासारखं काहीतरी दुकानाच्या काचेला धडकलंय, मेलं का जिवंत काही कळत नाही." फाट्यावर नवीन दोनमजली दुकान झालंय, पुढची अख्खी बाजू काचेची अन रात्रभर लाइट चालू. चहा न घेताच गाडीला किक मारली.

पायरीवर पडला होता तो. पोपट कसला, नवरंग! मुठीत मावेल एवढा, पाठ हिरवी, खांद्यावर चमकणारा निळा ठिपका, पोट फिकट बदामी, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळी जाड पट्टी अन शेपूट तर एवढीशीच. चोच उघडी टाकून धापा टाकत होता. दुकानातला पोरगा बाटलीच्या झाकणानं त्याच्या चोचीत पाणी ओतायला निघालेला, त्याचा हात धरला. मनापासून करत होता बिचारा, पण असं ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं अन वाचणारा पक्षी पण मरतो. त्याला सांगितलं, एक बुटाचं खोकं दे, भोकं पाड, आत सुती फडकं टाक अन झाकण लाव. अंधार अन शांतता, बाकी काही नको.

पोरगा विचारत होता हा आपल्याकडं कुठून आला. हा हिवाळाभर दक्षिणेत असतो, केरळ, तामिळनाडू, खाली श्रीलंकेपर्यंत, अन पावसाच्या तोंडावर पिल्लं काढायला आपल्या मध्य भारतातल्या जंगलांत येतो, आणि येतो तो रात्रीचा उडत. तमिळमध्ये त्याला आरुमणी कुरुवी म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, कारण सकाळ-संध्याकाळ त्याच सुमाराला ओरडतो. एवढा सगळा प्रवास करून, डोंगर अगदी समोर दिसत असताना काचेला धडकला, हे मला फार लागलं. मालकाला हात जोडून सांगितलं की रात्री निदान बाहेरचे लाइट तरी बंद ठेवत जा, आणि त्यानं ऐकलं.

खोकं आमच्या चौकीच्या मागच्या थंड खोलीत ठेवलं अन राउंडला गेलो. लक्ष कुठं लागतंय, दुपारी दोनदा दाराला कान लावून आलो. तिसऱ्यांदा आतून खोक्याला टकटक ऐकू आली, तेव्हा कुठं जेवण गेलं.

सोडायचा कुठं हा प्रश्नच नव्हता. आमच्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या राखणीच्या जंगलाच्या तुकड्यात, एक नाला आहे, त्याच्या अलीकडच्या काठाला मोहाची झाडं आहेत. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली की खालचा पाचोळा जाळतात, जमीन मोकळी झाली की फुलं दिसतात अन वेचायला सोपं जातं, पण तीच आग कधीकधी सगळी टेकडी घेऊन जाते. त्या वर्षी तिथं फुलं वेचणाऱ्या पावरा आदिवासी मावशीला मी म्हटलं, जाळू नका, झाडून काढा. ती म्हणाली, "झाडून कोण करतं साहेब, कंबर मोडते." मग दोन सकाळी मीच खराटा घेतला, तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातातून काढून घेतला. पलीकडचा काठ मात्र त्या वर्षी जळाला, अजून काळा होता.

संध्याकाळी साडेपाचला अलीकडच्या काठावर खोकं ठेवलं, झाकण काढलं अन लांब जाऊन बसलो. बराच वेळ काही नाही. मग टुणकन बाहेर आला, लांब पायांवर ताठ उभा राहिला, एक पान चोचीनं उलटलं, दुसरं उलटलं, तिसऱ्याखाली वाळवी होती, ती टिपली. मला त्या क्षणी भरून आलं. पाचोळा म्हणजे त्याचं ताट. इतके दिवस मी आग झाडांसाठी विझवत होतो, पलीकडच्या राखेत हा आला असता तर त्यानं काय उलटलं असतं? दहा मिनिटं चरला, मग भुर्रकन करवंदीच्या जाळीत गेला.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच तिथं जाऊन बसलो. आधी बुलबुल, मग कोतवाल, अन मग जाळीतून ती दोन सुरांची शीळ, व्हीट-ट्यू. थोड्या वेळानं वरच्या अंगाला दुसऱ्यानं उत्तर दिलं. बीट डायरीत तारीख, वेळ, दोन नवरंग असं लिहिलं.

मावशी सरपणाला आली होती, तिला उभं करून ऐकवलं. तिनं ऐकलं अन म्हणाली, "याच्यासाठी झाडत होता का तू?" तेव्हा मलाही माहीत नव्हतं, पण मी हो म्हटलं.

यंदा त्या नाल्यावर तीन घरांनी झाडून मोहफुलं वेचली. खराटे मी आणून दिले.