लाल पेन

मंगळवार, रात्र

डी.एल.एड.चं (शिक्षक-पदविकेचं) दुसरं वर्ष, अमळनेर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. पाठटाचण मन लावून लिहिलं होतं. तरी 'माझा आवडता सण' म्हटल्याबरोबर जवळजवळ प्रत्येक वहीत तेच पहिलं वाक्य उतरलं : 'आपल्या देशात अनेक सण साजरे केले जातात.' मग दिवाळी, फराळ, आकाशकंदील.

परवा रविवारी घरोघरी कानबाई, आमच्या खान्देशातली नारळाच्या रूपात पुजली जाणारी देवी, बसली होती, काल सकाळी नदीवर विसर्जन झालं. एकाही वहीत कानबाई नाही.

वह्या मिटायला लावल्या. "रविवारी घरी काय काय झालं, ते नुसतं सांगा." मग जो गलका उठला! कोणाच्या घरी नारळाला घातलेली नथ दोनदा गळून पडली. कोणाची आजी प्रसादाच्या रोटाचे गहू घरातल्यांच्या नावानं मोजत बसली होती. रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नाही, म्हणून एकीची मैत्रीण दारातूनच परतली. म्हटलं, आता हेच लिहा.

मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी सगळ्यांत आधी पाच ओळी घेऊन आली. सुरुवातच अहिराणी बोलीत, 'सुरतना काका उना.' माझ्या हातात लाल पेन होतंच. 'सुरतचे' केलं, 'आले' केलं, 'मना'चं 'माझा' केलं. पाच ओळींत नऊ गोल. ती काही न बोलता जागेवर गेली आणि नवं पान लिहून आणलं : 'कानबाई हा माझा आवडता सण आहे. तो मला खूप आवडतो.' शुद्धलेखन चोख, पण काका गेलेला.

मधल्या सुट्टीत मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं, "काका किती दिवसांनी आला होता?" मला सांगता येईना. मी शब्द तपासले होते, मजकूर वाचलाच नव्हता. आणि मी स्वतः घरी आईशी अहिराणीतच बोलते, याचं जास्त वाईट वाटलं.

असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या कविता म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव लिहून घ्यायचा. लिहून घेण्याआधी त्यानं कान दिला होता, हे आज दिवसभर डोक्यात घोळतंय.

उद्या तिच्याजवळ बसून ती सांगेल तसं मीच लिहून घेणार आहे, 'उना'सकट. शाळेच्या भाषेत ते कसं लिहायचं, हे त्यानंतर दोघी मिळून बघू. काका किती दिवस राहिला, हे मला खरंच ऐकायचंय.