सेंट पीटर्सचा घुमट: लिफ्ट वरपर्यंत जात नाही

सगळ्यात आधी हेच लिहिते, कारण आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या घुमटाला लिफ्ट आहे, पण ती फक्त चर्चच्या गच्चीपर्यंत. एकूण ५५१ पायऱ्या, लिफ्टने त्यातल्या २३१ वाचतात. उरलेल्या ३२० पायांनीच चढायच्या.

आम्ही एका एजंटाकडून 'रांग नाही, लिफ्टने थेट घुमटावर' असं पॅकेज माणशी चाळीस युरोला घेतलं होतं. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई, गुडघे दुखणाऱ्या. त्यांच्यासाठीच तर हा खर्च. प्रत्यक्षात सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांना सारखीच. आणि चर्चमध्ये जायला मुळात पैसेच लागत नाहीत! तिकीट लागतं ते घुमटाचं. मेट्रोच्या ओत्ताविआनो स्टेशनबाहेर असली पॅकेजं विकणारे गाठतात. त्यांच्याकडून काहीही घेऊ नका.

चर्च सातला उघडतं, घुमट साडेसातला. साडेसहाला चौकात हजर राहा. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, तो दिवस टाळा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

गच्चीवरून थोडं चढलं की घुमटाच्या आतल्या कडेने फिरणारा सज्जा लागतो. खालून रंगवलेली वाटणारी अक्षरं इथे जवळून दिसतात. पुरुषभर उंचीची आहेत, आणि रंग नव्हे, काचेचे बारीक तुकडे बसवलेत. इथवर सासूबाई आल्या आणि खाली बघून हात जोडून उभ्या राहिल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टचं तिकीट काढून इथवर नक्की यावं आणि इथूनच मागे फिरावं.

कारण पुढचा टप्पा वाईट आहे. घुमट दुहेरी आहे, आतलं कवच वेगळं, बाहेरचं वेगळं, आणि जिना त्या दोघांच्या फटीतून जातो. त्यामुळे भिंत डोक्यावर कलत येते आणि अंग तिरकं करूनच चढावं लागतं. माझ्या पुढे एक बाई घाबरून पायरीवर बसल्या, तर मागची सगळी रांग दहा मिनिटं जागच्या जागी. बाजूला व्हायला जागा नाही, मागे फिरता येत नाही. घामेजलेली भिंत माझ्या खांद्याला लागत होती आणि मी फक्त श्वास मोजत होते. शेवटी गोल जिना इतका अरुंद की कठड्याऐवजी मधोमध दोर लोंबतो, तो धरून चढायचं. सॅक पाठीवर नको, पोटाशी घ्या. बंद जागेची भीती असेल तर जाऊच नका. दम लागणं ही वेगळी गोष्ट. सिंहगड चढणाऱ्याला पायऱ्यांचं काही वाटणार नाही.

आणि वर पोचल्यावर मी रडले. मायकेलअँजेलोने वयाच्या सत्तरीत हे काम अंगावर घेतलं, १५६४ मध्ये तो गेला, घुमट पुरा झाला १५९० मध्ये. त्याला हे दृश्य मिळालंच नाही. खाली चौकाभोवती बर्निनी या शिल्पकाराने उभारलेले खांब दोन हातांसारखे पसरलेले, पलीकडे तिबर नदी, आणि उन्हाने नुकतीच रंगू लागलेली कौलं.

उतरताना गच्चीवर सासूबाई भेटल्या, कॉफी पीत, दर्शनी भागावरच्या पुतळ्यांच्या पाठीशी बसलेल्या. उतरलात की थेट चर्चमध्येच येता. नऊच्या आत या, पिएतासमोर (मायकेलअँजेलोचं शिल्प, मेरीच्या मांडीवर मृत येशू) तेव्हा उभं राहायला जागा असते. आम्ही बाहेर पडलो तेव्हा तपासणीची रांग चौकाला वळसा घालून गेली होती.